पाचव्या अक्षराखालचं टिंब

आमचे रत्नागिरीचे घरमालक माणसाची ओळख झाली की आधी त्याच्या गाडीच्या काचेकडे बघत. गाडी नसेल तर त्या माणसाशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे. आमच्याकडे गाडी नव्हती. त्यामुळे पहिल्या दिवशी आमचं सामान ज्या ट्रकमधून आलं त्याची काच त्यांनी न्याहाळली, कोपऱ्यावर ओलं बोट फिरवलं आणि बाबांना म्हणाले, "चांगली आहे. मूळची आहे." बाबा त्या वेळी कपाट उतरवून घेत होते. ते म्हणाले, "हो, सागवानी आहे." दोघांचंही समाधान झालं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. बाबांची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही आलो होतो. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, आणि रत्नागिरीत माझ्याशी कुणी बोललं की मी मनात वाक्य जुळवेपर्यंत तो माणूस निघून गेलेला असे. घरमालकांचं तसं नव्हतं. ते थांबत. त्यांना घाई नसे, किंवा मी उत्तर देणार आहे याची त्यांना आठवणच राहत नसे. यातलं खरं कोणतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या बाबतीत मला बऱ्याच गोष्टी कळल्या नाहीत.

ते मूळचे देवरुखकडच्या एका खेड्यातले. पंधराव्या वर्षी मुंबईला गेले आणि गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानात तीस वर्षं राहिले. मग परत येऊन रत्नागिरीत चिऱ्याचं घर बांधलं. खाली फोटो फ्रेमचं दुकान, मागे ते आणि काकू, वर भाडेकरू. दुकानात देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो. रत्नागिरीत कुणी गेलं की दहाव्या दिवसाच्या आत फोटो त्यांच्याकडे यायचा. पण हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. जीव होता तो काचेच्या कोपऱ्यात.

ते मला त्यांनीच शिकवलं. जुन्या विलायती गाड्यांच्या दाराच्या काचेवर कोपऱ्यात बारीक अक्षरं कोरलेली असतात. वर कंपनीचं नाव, खाली "टफन्ड", म्हणजे कडक केलेली, असा इंग्रजी शब्द. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं आहेत. कुठल्या तरी एका अक्षराखाली मोहरीएवढंही नाही असं एक टिंब असतं. टिंब तिसऱ्या अक्षराखाली असेल तर काच तीन आकडा शेवटी असलेल्या वर्षी बनलेली, सातव्याखाली असेल तर सात. टिंब नसेलच तर शून्य. त्रेपन्न की त्रेसष्ट हे काच सांगत नाही, ते गाडीच्या वयावरून आपण ठरवायचं.

"माणूस गाडीला रंग लावतो, पत्रा ठोकून घेतो, सीटला नवं कापड घालतो," ते म्हणायचे. "कोपरा कोण बघतो गो? कोपऱ्याशी खोटं बोलायचं कुणाला सुचत नाय."

म्हणून रस्त्यात गाडी थांबली की ते जवळ जात. काच खाली केलेली असेल तर अक्षरं दाराच्या आत जातात, म्हणून ते टकटक करून हाताने "वर करा, वर करा" अशी खूण करत. मे महिन्याच्या दुपारी, घामाने भिजलेला एखादा पाहुणा घाबरून काच वर करी. मग हे गुडघ्यावर बसून वाचत आणि उठून सांगत, "मागची डावी बदललेली. कधी ठोकलीत?" एकदा एका लग्नात, फुलांनी सजवलेल्या गाडीची काच वाचून त्यांनी नवऱ्यामुलाला सांगितलं होतं, "ही काच तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला नमस्कार कर." त्याने गोंधळून खरंच केला.

एस.टी. स्टँडजवळचे टॅक्सीवाले त्यांना बघितलं की ओरडत, "काका, हिची पत्रिका बघा ना! स्थळ आलंय."

"मंगळ आहे," हे न थांबता सांगत. "ब्रेकात."

मला ते "मिस" म्हणत. इंग्रजी शाळेतल्या सगळ्या बायका मिस असतात अशी त्यांची समजूत. "काय गो मिस, खाली ये, पत्र घालायचं आहे." पत्रं विलायतेच्या काच कारखान्याला असत. टिंबांबद्दलच्या त्यांच्या शंका ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही. एकदा उत्तर आलं. दोनच ओळींचं, नम्र आणि निरुपयोगी, जुने कागद आता ठेवलेले नाहीत असं सांगणारं. त्यांनी ते फ्रेम करून गणपतीशेजारी लावलं.

काकू म्हणायच्या, "ह्यांना मी लग्नात काय नेसले होते विचार. सांगता येणार नाही. वऱ्हाड कुठल्या गाडीतून आलं ते विचार, काचेसकट सांगतील."

मला त्यांच्या दुकानात बसायला आवडायचं. तिथे बोलावं लागत नसे. महिन्याभरात मीही गाड्यांच्या कोपऱ्यांकडे बघायला लागले. फक्त मी गुडघ्यावर बसत नसे, लांबून बघायची.

अशीच मी दुकानात बसलेली असताना गणू ड्रायव्हर आला. पूर्णगडचा, साठीच्या पुढचा, बारीक, पांढरा सदरा घालून आलेला. टॅक्सीवाल्यांनी त्याला यांच्याबद्दल सांगितलं होतं. तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "माज्या गाडीची काच वाचायची हाय."

"आणलीस?"

"माजी म्हंजे मी चालवायचो ती. बागवाल्या बायींची."

या बाई सगळ्या रत्नागिरीला ठाऊक होत्या. शहराबाहेर त्यांची आंब्याची मोठी बाग, आणि घरामागच्या शेडमध्ये एकोणसाठ साली घेतलेली काळी विलायती गाडी, जी आता चालत नसे. गणूने जे सांगितलं ते त्याने इतक्या वेळा मनात सांगितलेलं असावं की ते एका दमात आलं.

एकसष्ट साली तो त्या गाडीवर होता. त्या वर्षी पूर्णगडच्या रस्त्यावर त्याच्याच गावचा एक माणूस कुठल्या तरी गाडीखाली सापडून मेला. गाडी कुणाची ते कळलं नाही. पुढच्या वर्षी, बासष्टमध्ये, गणू आई आजारी म्हणून नोकरी सोडून गावाला आला. त्याच्यानंतर गाडी बाईंचा मुलगाच चालवायला लागला. पुढे पाचसहा वर्षांनी बाईंच्या यजमानांच्या लक्षात आलं की गाडीच्या डाव्या दाराची काच वेगळी आहे, जरा हिरवट. त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, ही गणूने फोडली, गुपचूप नवी बसवली आणि सटकला. हे बोलणं पूर्णगडला पोचलं आणि गावाने दोन गोष्टींची गाठ मारली. फुटलेली काच आणि मेलेला माणूस.

"तेवा मी एका डाक्तरची गाडी चालवत होतो. ती चाकरी गेली. परत कुनी गाडी हातात दिली नाय. त्या मेलेल्याचा पोरगा दत्ताराम माज्या शेजारचा. अठरा वर्सं झाली, माज्या घरचं पानी पीत नाय. मी काच फोडली नाय. कुनाला मारलं नाय." मग जरा थांबून, "काच कदीची ती तुमाला कळंल म्हनतात."

घरमालकांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. परीक्षेत येत असलेला प्रश्न आला की मुलांचा होतो तसा. ते म्हणाले, "एकदम सोपं आहे. तू बासष्टला सोडलीस ना? काच त्याच्यानंतरची निघाली तर तू सुटलास. काच जन्माला यायच्या आधी बसवता येत नाय. ब्रह्मदेवाला पण नाय."

"दत्तारामच्या समोर वाचाल?"

"अख्ख्या गावासमोर वाचतो."

रविवारी आम्ही बाईंकडे गेलो. मला का नेलं ते मी विचारलं नाही. वही घे म्हणाले, मी वही घेतली. गणू आणि दत्ताराम आधीच फाटकाशी उभे होते, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर. दत्ताराम चाळिशीचा, रुंद, न बोलणारा.

बाई पडवीत बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. गणूलाही दिलं, आणि "आई कधी गेली रे तुझी?" असं विचारलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या अजिबात रागावल्या नाहीत. "अवश्य बघा," म्हणाल्या. "आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो होता. तीन वर्षांपूर्वी तो आजाराने गेला होता. एकुलता एक. घरमालक फोटोपाशी थांबले आणि बोटाने फ्रेम किंचित सरळ केली. बाई म्हणाल्या, "तुम्हीच करून दिलीत हो. रोज पुसते मी. काच अजून पहिल्या दिवसासारखी आहे."

शेडमध्ये गाडी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या मधोमध उभी होती. ते नेहमीसारखे गुडघ्यावर बसले आणि एकेक काच वाचत गेले. "नऊ. लिही मिस. मागची उजवी, नऊ. मागची डावी, नऊ." एकोणसाठची गाडी, एकोणसाठच्या काचा. मग ते पुढच्या डाव्या दाराशी आले. ती काच आम्हा सगळ्यांना वेगळी दिसत होती. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

बाई काठी टेकत शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ती गणूच्याच वेळची. माझा मुलगा सांगून गेलाय. गेलेला माणूस खोटं कशाला बोलेल?"

घरमालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "झिजलंय. टिंब दिसत नाय."

ते माझ्याकडे वळले. "मिस, तुझे डोळे चांगले. तू बघ."

मी त्या दिवशी पहिल्यांदा गुडघ्यावर बसले. टिंब पाचव्या अक्षराखाली होतं. एचच्या बरोबर खाली, स्वच्छ, जणू सकाळीच कुणी टोचून ठेवलं असावं. पाच. पंचावन्न असूच शकत नव्हतं, तेव्हा गाडीच नव्हती. म्हणजे पासष्ट. गणूने नोकरी सोडून तीन वर्षं झाल्यावरचं. तेव्हा ही गाडी एकच माणूस चालवत होता, आणि त्याचा फोटो पडवीत होता.

मी मान वर केली. गणू माझ्या तोंडाकडे बघत होता. दत्ताराम जमिनीकडे. बाई दारात. आणि घरमालक माझ्याकडे बघत होते, पण त्या बघण्याचा अर्थ मला लागेना. मला वाटलं, आपण वाचलं तर हे सगळ्यांसमोर खोटे पडतील. मला वाटलं, यांना आपला आधार हवा आहे. मला एवढंच वाटलं की काय, हेही आता नक्की सांगता येत नाही. सगळे आपल्याकडे बघत असले की माझी जीभ तशीही जड होते.

"नाही दिसत," मी म्हणाले.

दत्तारामने विचारलं, "झालं?" आणि चपला घालून चालू लागला. गणू जागचा हलला नाही. थोड्या वेळाने त्याने आम्हाला हात जोडले. "आलात, बरं वाटलं," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर घरमालक माझ्या पुढे दहा पावलं चालत होते. एकदाही मागे बघितलं नाही.

पुढचा आठवडा ते दुकानात बसून फ्रेमा करत राहिले. दारावरून गाड्या गेल्या, यांनी मान वर केली नाही. काकू वर येऊन मला विचारून गेल्या, "काय झालं गो ह्यांना? जेवताना पण गाडीचा विषय नाही. मला घरात परका माणूस आल्यासारखं वाटतंय." स्टँडवर टॅक्सीवाले "काका, पत्रिका!" म्हणून ओरडले तर हे दुसऱ्या बाजूने निघून गेले.

शेवटी मी खाली गेले. मनात वाक्य जुळवून गेले होते, पण त्यांनीच आधी विचारलं.

"तू का नाय बोललीस?"

मला काही कळेना. "तुम्हीच म्हणालात दिसत नाही."

"मी म्हणालो. मला बोलवेना. म्हणून तर तुला बघायला लावलं."

"मला वाटलं मी पण तेच म्हणावं असं तुम्हाला..."

"तेच म्हणायचं असतं तर तुला कशाला वाकायला लावलं असतं? माझं एकट्याचं पुरलं असतं की." त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मला वाटलं, तू इंग्रजी शाळेतली. तुमच्यात तोंडावर सांगतात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आयुष्यात मी कुणाला काहीही तोंडावर सांगितलेलं नव्हतं. आणि या माणसाने, ज्याने कलेक्टर कचेरीच्या गाडीलाही सोडलं नव्हतं, माझ्या भरवशावर तोंड मिटलं होतं. मी त्यांच्या भरवशावर. मधल्यामध्ये गणू होता तिथेच राहिला.

"तुम्हाला टिंब दिसलं होतं ना?" मी विचारलं.

त्यांनी पट्टी परत उचलली. मग म्हणाले, "बाई रोज त्या फोटोची काच पुसते गो."

मला आजही वाटतं की ही सगळी नंतरची जुळवाजुळव असेल. त्या क्षणी त्यांना फक्त सुटायचं असेल आणि मी जवळ उभी होते, इतकंच. की त्यांना खरंच मी बोलावं असं वाटत होतं? मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी वेगवेगळं उत्तर दिलं.

"मी पूर्णगडला जाऊन सांगणार आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी जुळवलेलं नव्हतं.

"एकटी?"

"हो."

"आईला काय सांगशील?"

याचा मी विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त ते माझ्या आधी जाऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, आकाश निरभ्र. पावस गाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले. पावसला म्हणाले, "तू बोल. मी आहे." मला त्याचा फारसा धीर आला नाही.

गणू घराच्या मागे जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. पाचवं अक्षर, पासष्ट साल, मला दिसलं होतं आणि मी नाही म्हणाले. मला वाटलं तो ओरडेल, किंवा निदान त्याचे डोळे भरून येतील.

त्याने गाठ पुरी केली. "हे मला कशाला सांगताव?" तो म्हणाला. "मी काच फोडली नाय हे मला म्हाईतच हाय की. अठरा वर्सं म्हाईत हाय. जेला म्हाईत नाय तेला सांगा."

"तुम्ही पण चला ना," मी म्हणाले.

"मी आलो तर तो दार लावील." आणि पुढची गाठ मारायला लागला.

दत्तारामचं घर वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडेच होतं. तो ओटीवर बनियनवर बसून सुपात सोडे, सुकवलेली कोळंबी, निवडत होता. आम्हाला बघून उठला नाही. घरमालक अंगणातच उभे राहिले, छत्री टेकून. मी पायरीपर्यंत गेले. मी कसं बोलले ते मला सलग आठवत नाही. पुस्तकी मराठीत बोलले असेन, कारण आतून त्याची बायको येऊन दाराशी उभी राहिली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. काचेवर शब्द असतो, शब्दाखाली टिंब असतं. ती काच पासष्ट सालची. एकसष्ट साली त्या गाडीची पहिलीच काच शाबूत होती. तुमच्या वडिलांना मारणारी गाडी ती नव्हती. गणूने काही केलेलं नाही.

दत्तारामने सूप बाजूला सारलं. "त्या रविवारी तर दिसत नव्हतं म्हनालीस."

"खोटं बोलले."

"का?"

मी म्हणाले, "मला बोलता येत नाही. लोकांसमोर."

त्याने अंगणात बोट केलं. "आनि ह्ये? ह्येना दिसत नव्हतं? रत्नागिरीत सगळे म्हनतात, ह्ये बोलले की झालं."

मी मागे बघितलं नाही. मला वाटलं, आता काहीतरी सांगावं, यांची नजर कमी झालीय असं काहीतरी. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मला पण दिसलं होतं."

ते पायरीपाशी आले होते. "पाच. एकदम स्वच्छ. मी खोटं बोललो, म्हणून ही पण बोलली. पहिलं खोटं माझं." त्यांचा आवाज मोठा होता, रस्त्यावर गाडीवाल्यांशी बोलताना असायचा तसा. वईच्या पलीकडे गणूला ऐकू गेलं असणार. "कुणीही बोलवा, मी परत सांगतो. बाईंच्या दारात पण सांगतो."

दत्तारामने वईकडे बघितलं. त्याची बायको म्हणाली, "आवो..." आणि थांबली. कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तो आम्हाला जा म्हणेल. आम्ही विश्वास ठेवण्यासारखी माणसं उरलो नव्हतो. दोनदा दोन वेगळ्या गोष्टी सांगणाऱ्यांची कुठली खरी मानायची, असं मीही विचारलं असतं.

तो उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा अंगात सदरा होता. त्याने सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा, कुणाच्या घरी काही कार्य असलं की लावतात तशी. बायकोला म्हणाला, "ह्येना चा दे."

"तुमी कुटं चाललाव?"

"गणूकडं," तो म्हणाला. मग पायरी उतरून, आमच्यामधून वाट काढत, वईतल्या बेड्याकडे, दोन घरांमधल्या लहानशा फाटकाकडे, निघाला. त्या बेड्यावर अठरा वर्षांचा वेल चढला होता. तो त्याने दोन्ही हातांनी ओढून तोडला आणि पलीकडे गेला.